डिव्हाइस-ट्रीच्या मराठी टिपणात ‘रकाने कोणाचे?’ हे कसं लिहावं? मजकूर तपासून हवा

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डिव्हाइस-ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी झाडासारखी फाइल: प्रत्येक डिव्हाइसचा एक नोड, नोडमध्ये प्रॉपर्टी. तिच्या स्पेसिफिकेशनवर मराठी टिपण तयार करतोय. वाचणारे म्हणजे तालुक्याच्या आयटीआय-पॉलिटेक्निकची मुलं आणि संत्र्याच्या बागेत, कपाशीत ठिबकाच्या नियंत्रक पेट्या बसवणारे. पेटीत रास्पबेरी पाय, एडीएस१११५ (अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल चिप), डीएस३२३१ घड्याळ, मोटरचा रिले, एवढंच सामान. मूळ दस्तऐवज (२०२३ ची ०.४ आवृत्ती) चुकीचा नाही. पण काही वाक्यं अशी आहेत की वाचणारा दोन अर्थ घेतो आणि त्यातला नेमका चुकीचा धरून बसतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘रेग’चा. माझं सध्याचं वाक्य:

“रेग या प्रॉपर्टीत पत्ता आणि लांबी असते. त्यासाठी किती सेल वापरायचे हे #अ‍ॅड्रेस-सेल्स आणि #साइझ-सेल्स यांवरून ठरते.”

शिवाय रेंजेस, इंटरप्ट-पॅरेंट आणि स्टेटस यांवर एकेक परिच्छेद आहे. या वाक्यात काय राहिलं ते सांगा.

एक सूचना: इथे सगळं देवनागरीत लिहितोय, म्हणून हेक्स आकडे ‘०एक्स४८’ असे आणि त्यातली अक्षरं ए ते एफ अशी. फाइलमध्ये अर्थातच रोमन.

काळीमाती

‘कोणाचे’ हे राहिलं. #अ‍ॅड्रेस-सेल्स कोणत्या नोडमधले? वाचणारा त्याच नोडमधले घेतो, कारण रेग तिथेच लिहिलेलं असतं. घ्यायचे असतात वरच्या नोडमधले. नोडमध्ये लिहिलेले #अ‍ॅड्रेस-सेल्स हे त्याच्या पोरांसाठी असतात, स्वतःसाठी नाही.

वऱ्हाडी_बिट

सातबाऱ्यावर सांगा ना जी, लवकर समजते. नमुन्यात रकाने किती हे शेतकरी ठरवत नाही, नमुना वरून येते. शेतकरी फक्त आपला गट नंबर अन् हेक्टर-आर भरते. रेग म्हणजे भरलेला रकाना, #अ‍ॅड्रेस-सेल्स म्हणजे वरून आलेला नमुना. अन् ‘सेल’ले मराठीत ‘रकाना’च म्हणा, ‘पेशी’ नको. ३२ बिटांचा एक रकाना.

पांदणवाट

‘रकाना’ घेतला, भाऊ. चपखल आहे.

वेणाकाठची

शब्दांचं निघालंच आहे तर: ‘प्रॉपर्टी’ला एका ठिकाणी ‘मालमत्ता’ असं भाषांतर पाहिलं. सातबाऱ्याच्या उपमेशेजारी ‘नोडची मालमत्ता’ आली की वाचणारा थेट वारसनोंदीकडे जाईल. :) प्रॉपर्टी, नोड, लेबल, फँडल हे शब्द तसेच राहू द्या. मुलांना नंतर इंग्रजी दस्तऐवज आणि डीटीसीचे (डिव्हाइस-ट्री कंपायलरचे) इशारे वाचायचेच आहेत. तिथे ओळख लागायला हवी.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘शॅल’, ‘शुड’ आणि ‘मे’ यांचं वजन वेगवेगळं आहे. मराठीत ‘असावे’ लिहिलं की सल्लाही होतो आणि अंदाजही (“घरी कोणी नसावे”). म्हणून शॅलला ‘असलेच पाहिजे’, शुडला ‘असणे इष्ट’, मेला ‘असले तरी चालते’ असं सुरुवातीलाच ठरवून टाका आणि पूर्ण टिपणात तेच पाळा.

तिफण

सातबाऱ्याची उपमा एक वाक्यभर ठीक. त्यापुढे आकड्यांचं उदाहरण द्या, नाहीतर उपमाच पाठ होते. हे उदाहरण घ्या, चूक कशी लपते ते यातून दिसतं:

रेग = <०एक्स० ०एक्स८००००००० ०एक्स० ०एक्स४०००००००>

वरच्या नोडमध्ये दोन्ही आकडे २ असतील तर पत्त्याला दोन रकाने, लांबीला दोन. अर्थ: २ जीबीच्या पत्त्यापासून १ जीबी मेमरी. बरोबर.

तोच मजकूर वरचे आकडे १ आणि १ असलेल्या फाइलमध्ये चिकटवला तर वाचणारा प्रोग्रॅम त्याच्या दोन जोड्या पाडतो: शून्यापासून २ जीबी, आणि पुन्हा शून्यापासून १ जीबी. रकाने चार, जोडी दोनाची, भाग पूर्ण जातो. त्यामुळे लांबी चुकल्याचा इशारा डीटीसी देत नाही. बोर्ड मात्र उठत नाही.

वरचे आकडे २ आणि १ असते तर चाराला तिनाने भाग जात नाही आणि इशारा मिळाला असता. म्हणून टिपणात लिहा: इशारा आला नाही म्हणजे रेग बरोबर आहे असं होत नाही.

धुऱ्यावरून

पण वरच्या नोडमध्ये #अ‍ॅड्रेस-सेल्स लिहिलेच नसतील तर त्याच्या वरच्यातले घ्यायचे ना? वारशाने येतात असं वाचल्यासारखं वाटतं.

काळीमाती

नाही, भाऊ. हे वारशाने येत नाहीत. स्पेसिफिकेशनचं म्हणणं स्पष्ट आहे: पूर्वजांकडून येत नाहीत, लिहिलेच पाहिजेत. न लिहिल्यास वाचणाऱ्या प्रोग्रॅमने पत्त्याला २ आणि लांबीला १ धरणं इष्ट. डीटीसी अशा वेळी ठराविक आकड्यांवर विसंबल्याचा इशारा देतो, तो दुर्लक्षून चालत नाही.

तुमचा गोंधळ होण्याचं कारण बहुधा इंटरप्ट-पॅरेंट (नोडचा इंटरप्ट कोणाकडे जातो ते सांगणारी प्रॉपर्टी). ती प्रॉपर्टी मात्र वरून खाली लागू पडते. नोडमध्ये नसेल तर लिनक्स एकेक पायरी वर चढत पाहतो. एकाच दस्तऐवजात शेजारी-शेजारी दोन नियम आणि दोन्ही उलट. टिपणातही ते एकाच पानावर समोरासमोर यायला हवेत.

सालईबन

तिथे स्पेसिफिकेशनचं वाक्य असं आहे की इंटरप्ट-पॅरेंट नसल्यास डिव्हाइस-ट्रीतला वरचा नोड हाच इंटरप्टचाही पॅरेंट मानावा. म्हणजे एकच पायरी. मग वर चढत जातो हे कुठून आलं?

काळीमाती

वरचा नोड जर इंटरप्ट घेणारा नसेल, म्हणजे त्यात #इंटरप्ट-सेल्स नसेल, तर त्याच्यासाठी तोच नियम पुन्हा लावायचा. नियम एका पायरीचा, पण तो #इंटरप्ट-सेल्स असलेला नोड सापडेपर्यंत लावत राहायचा. म्हणूनच बहुतेक एआरएम फाइलींत मुळाशी, सगळ्यात वरच्या नोडमध्ये, एकदाच इंटरप्ट-पॅरेंट लिहिलेला असतो आणि तो खाली सगळ्यांना पुरतो. ‘पुन्हा लावायचा’ हे शब्द टिपणात आले तर पुढचा सगळा वाद मिटतो.

सालईबन

आता बसलं. ‘पुन्हा लावायचा’ नक्की घाला, पांदणवाटभाऊ.

झाडीतला

इंटरप्टवर आहोत तोवर जीआयसीचं (एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरचं) घ्या. तीन रकाने: प्रकार, क्रमांक, ट्रिगर. प्रकार ० म्हणजे सामायिक, १ म्हणजे त्या-त्या कोरचा खासगी. चिपच्या पुस्तकात बहुतेकदा एकूण क्रमांक दिलेला असतो आणि डीटीएसमध्ये (आपण लिहितो त्या मूळ फाइलमध्ये) सामायिक इंटरप्टसाठी त्यातून ३२ वजा करायचे, खासगीसाठी १६. पुस्तकात ६५ असेल तर <० ३३ ४>. शेवटचा ४ म्हणजे लेव्हल हाय. १ चढती कड, २ उतरती, ८ लेव्हल लो. काही पुस्तकं ३२ वजा करूनच आकडा देतात, म्हणून त्याच फाइलमधल्या एखाद्या चालू नोडशी पडताळून पाहायचं. ओळखीचं डिव्हाइस घ्या, पुस्तकातला आकडा आणि फाइलमधला आकडा शेजारी ठेवा, फरक कळतो.

वऱ्हाडी_बिट

पोरं सगळ्यात जास्त कुठं फसतात सांगू? नोडच्या नावात @४८ लिहितात अन् खाली रेग = <४८>. नावातला आकडा नेहमी हेक्स असते, कोनाच्या कंसातला मात्र ०एक्स नसला तर दशमान. ४८ म्हणजे हेक्स ३०. मंग एडीएस१११५ बसला ४८ वर अन् कर्नल हाका मारते ३० ले. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदीत) -१२१ दिसते, म्हणजे समोरून उत्तरच नाही. पोरगं वायर बदलते, सेन्सर बदलते, अन् चूक कागदावर.

अन् समोर शून्य लावलं, <०१०>, तर तो अष्टमान. म्हणजे ८.

वेणाकाठची

याला जोडून डेटाशीटचा घोळ. काही डेटाशीट आठ बिटांचा पत्ता देतात, लिहायचा वेगळा आणि वाचायचा वेगळा, उदाहरणार्थ ०एक्स८० आणि ०एक्स८१. रेगमध्ये सात बिटांचा लागतो, म्हणजे एक बिट उजवीकडे सरकवून ०एक्स४०. फाइल लिहिण्याआधी आय२सी-डिटेक्ट (आय२सी बसवरचे पत्ते शोधून जाळीत दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं की दोन्ही चुका पकडल्या जातात. जाळीत ज्या घरात आकडा दिसेल तोच पत्ता, हेक्समध्ये. तिथे ‘यूयू’ दिसलं तर घाबरायचं नाही, त्या पत्त्यावर ड्रायव्हर आधीच बसलेला आहे. डीएस३२३१ नीट लागलं की ६८ च्या जागी यूयू दिसतं.

कपाशीवाला

सेन्सर मुख्य पेटीपासून १५ मीटरवर आहे. आय२सीची वायर लांबवली तर बॉडरेट कमी करून चालेल का? तेही डिव्हाइस-ट्रीतच लिहायचं ना?

झाडीतला

वेग डिव्हाइस-ट्रीतून कमी होतो हे खरं. पायवर कॉन्फिग फाइलमध्ये आय२सी_आर्म_बॉडरेट=१०००० देता येतं. पण १५ मीटर आय२सीला जास्तच झाले. तारेची धारिता वाढते, कडा गोल होतात, मोटर सुरू झाली की बस अडकते. पायच्या जीपीआयओ दोन आणि तीन नंबरच्या पिनला १.८ किलोओहमचे पुल-अप आधीच आहेत, बाहेरून आणखी लावून फारसं साधत नाही. एवढ्या अंतराला आरएस४८५ घ्या, सेन्सरजवळ एक लहान बोर्ड ठेवून. सविस्तरासाठी वेगळा धागा काढा, नक्की उत्तर देतो.

पांदणवाट

हो, तो वेगळा धागाच बरा. आता रेंजेसवर मदत हवी आहे. माझं वाक्य: “रेंजेस म्हणजे खालचा पत्ता, वरचा पत्ता आणि लांबी असे तीन आकडे.” हे पुरतं का?

तिफण

‘तीन आकडे’ हेच चुकतं. तीन भाग असतात. आकडे किती ते पुन्हा रकान्यांवर. पाय ४ ची खरी ओळ घ्या:

रेंजेस = <०एक्स७ई०००००० ०एक्स० ०एक्सएफई०००००० ०एक्स०१८०००००>

ही एसओसी (मुख्य चिप) नोडमधली. चार आकडे आहेत. पहिला भाग खालचा पत्ता, त्याचे रकाने याच नोडच्या #अ‍ॅड्रेस-सेल्सवरून: १. दुसरा भाग वरचा पत्ता, त्याचे रकाने वरच्या नोडवरून: २, म्हणून ‘० आणि एफई००००००’ मिळून एक पत्ता. तिसरा लांबी, पुन्हा याच नोडच्या #साइझ-सेल्सवरून: १. एकूण १ + २ + १.

आता हिशेब. आय२सी-१ चा नोड ७ई८०४००० वर आहे. ७ई०००००० पासूनचं अंतर ८०४०००. ते एफई०००००० मध्ये मिळवलं की प्रोसेसरला दिसणारा पत्ता एफई८०४०००. बीसीएम२८३५ (पहिल्या पायची चिप) मध्ये तोच नोड २०८०४००० वर येतो, कारण तिथे वरचा पत्ता २००००००० आहे. नोडमधलं रेग दोन्हीकडे तेच. म्हणून एकच नोड वेगवेगळ्या बोर्डांत वापरता येतो. रेंजेस कशासाठी असतं याचं हेच उत्तर आहे, आणि ते टिपणात व्याख्येच्या आधी आलं पाहिजे.

धुऱ्यावरून

म्हणजे एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरचा नवा गट नंबर झाला, तसं. जमीन तिथेच, कागदावरचा आकडा बदलला.

तिफण

हो, ही उपमा टिकते. फक्त इथे दोन्ही आकडे एकाच वेळी चालू असतात: बसवर जुना, प्रोसेसरकडे नवा.

सालईबन

रेंजेस रिकामं असणं आणि रेंजेस नसणं यातला फरक लिहाच. ‘रेंजेस;’ एवढंच लिहिलं तर वरचे-खालचे पत्ते जसेच्या तसे. मुळीच लिहिलं नाही तर खालच्या पत्त्याचा वरच्याशी काही संबंध नाही. आय२सीच्या नोडमध्ये ते नसतं ते म्हणूनच: ४८ हा काही प्रोसेसरच्या मेमरीतला पत्ता नव्हे. तिथे #साइझ-सेल्सही शून्य असतं आणि लांबी लिहायचीच नाही. रेग = <०एक्स४८ १> लिहिलं तर १ हा दुसरा पत्ता ठरतो, आणि ८ बाइटांना ४ ने पूर्ण भाग जात असल्याने डीटीसी लांबीचा इशाराही देत नाही.

कपाशीवाला

रिलेचं एक विचारतो, तेही रकान्यांचंच आहे. जीपीआयओच्या नोडमध्ये #जीपीआयओ-सेल्स = <२> लिहिलंय, पण वापरताना <&जीपीआयओ १७ १> असे तीन आकडे. मग दोन की तीन?

काळीमाती

फार चांगला प्रश्न, भाऊ. पहिला आकडा फँडल, म्हणजे ‘कोणाकडे जायचं’ याची खूण. तो मोजणीत धरत नाहीत. त्यानंतरचे दोन मोजायचे: पिन १७ आणि खूण १, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-लो. हे दोन रकाने कोण ठरवतं? ज्याच्याकडे बोट दाखवलं तो नोड. वरचा नोड नाही, स्वतःचाही नाही. क्लॉक, रीसेट, पीडब्ल्यूएम सगळ्यांना हाच नियम.

पांदणवाटभाऊ, मला वाटतं तुमच्या टिपणाचा कणा इथेच आहे. प्रत्येक प्रॉपर्टीसमोर एकच प्रश्न: रकाने कोणाचे?

वऱ्हाडी_बिट

अन् रिलेचं दुसरं ध्यानात ठेवा. डिव्हाइस-ट्री कर्नल उठल्यावर लागू होते. त्याच्याआधीचे काही सेकंद पिन आपल्या मूळ ओढीवर असते. पायवर ० ते ८ नंबरच्या पिन वर ओढलेल्या, ९ ते २७ खाली. अ‍ॅक्टिव्ह-लो रिले १७ वर लावला अन् रात्रीची लाइन आली, तर बूट होईपर्यंत रिले टिकटिक करू शकते, मोटरले झटका. कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ=१७=ओपी,डीएच लिहा. फर्मवेअर आधीच पिन वर धरते. तरी पॉवर आल्यापासून फर्मवेअर वाचेपर्यंतचा क्षण उरतेच, म्हणून मोटरच्या स्टार्टरमधला टाइमर काढू नका जी.

वेणाकाठची

आता स्टेटस. ‘डिसेबल्ड’ म्हणजे बंद, ‘ओके’ म्हणजे चालू, प्रॉपर्टीच नसेल तर चालू. पण देवनागरीत अडचण आहे: स्पेसिफिकेशनमध्ये चार अक्षरी ओके आहे आणि लिनक्स दोन अक्षरी ओकेही चालवून घेतो. आपण दोन्ही ‘ओके’च लिहितो! टिपणात ‘ओ-के-ए-वाय, चारही अक्षरं’ असं फोडून लिहा. दुसऱ्या बूटलोडरने दोन अक्षरी मानलाच पाहिजे असं कुठेही बंधन नाही.

आणि होय-नाही प्रकारच्या प्रॉपर्टी. त्या असल्या म्हणजे होय, नसल्या म्हणजे नाही. किंमत पाहिलीच जात नाही. ‘वेकअप-सोर्स = <०>’ लिहून ती बंद होत नाही, चालूच राहते. काढायची तर मूळ फाइलच्या पातळीवर /डिलीट-प्रॉपर्टी/ वापरायचं. चालू यंत्रणेवर चढवलेल्या ओव्हरलेतून (वरून जोडलेल्या छोट्या डिव्हाइस-ट्रीतून) प्रॉपर्टी काढता येत नाही, फक्त नवी घालता किंवा बदलता येते.

धुऱ्यावरून

यंत्रणा चालू असताना आत शेवटी काय गेलं ते बघायची सोपी रीत?

झाडीतला

डीटीसी -आय एफएस -ओ डीटीएस /प्रॉक/डिव्हाइस-ट्री. ओव्हरले चढल्यावरचं पूर्ण झाड मिळतं. एकच प्रॉपर्टी पाहायची तर हेक्सडंप -सी वापरा. आकडे बिग-एंडियन असतात, ०एक्स१२३४५६७८ हा १२ ३४ ५६ ७८ असाच दिसला पाहिजे. ओडी किंवा साध्या हेक्सडंपने गट पाडून पाहिलं तर पायवर बाइट उलटे दिसतात आणि फाइलच चुकली असं वाटतं. कम्पॅटिबल (ड्रायव्हर जुळवणारी प्रॉपर्टी) पाहताना शब्द एकमेकांना चिकटलेले दिसतील, मध्ये शून्य बाइट असतो.

डीटीबी (डीटीसीने तयार केलेली बायनरी) फाइल शाबूत आहे का हे पहिल्या चार बाइटांत कळतं: डी० ०डी एफई ईडी. इंग्रजीत ‘डूड फीड’सारखं वाचता येतं, म्हणून मुलांच्या पटकन लक्षात राहतं. :)

आणि कर्नलच्या बिल्डमध्ये काही इशारे मुळात बंद असतात. नोडच्या नावातला @पत्ता आणि रेग यांपैकी एक आहे, दुसरं नाही, हा त्यातलाच. मेकला डब्ल्यू=१ दिलं की दिसतात. त्यानंतर मेक डीटीबीएस_चेक, म्हणजे यामल बाइंडिंगशी (प्रत्येक डिव्हाइसच्या प्रॉपर्टींच्या नियमांशी) पडताळणी.

पांदणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रकान्यांचा परिच्छेद आता असा केलाय:

“रेगमधले रकाने वरचा नोड ठरवतो, त्यात #अ‍ॅड्रेस-सेल्स नसल्यास आणखी वरचे घेऊ नयेत, ते वारशाने येत नाहीत. इंटरप्ट्समधले रकाने इंटरप्ट-पॅरेंट ठरवतो. तो नोडमध्ये लिहिला नसल्यास वरचा नोड घ्यावा, आणि त्यात #इंटरप्ट-सेल्स नसल्यास हाच नियम पुन्हा लावावा. जीपीआयओ, क्लॉक यांसारख्या प्रॉपर्टीत फँडल सोडून उरलेले रकाने फँडलने दाखवलेला नोड ठरवतो. रेंजेसमध्ये खालच्या पत्त्याचे रकाने हा नोड ठरवतो, वरच्या पत्त्याचे वरचा नोड.”

यानंतर तिफणभाऊंची दोन्ही उदाहरणं. सातबाऱ्याची उपमा एकदाच, रेगपाशी.

तिफण

रेंजेसमध्ये लांबीचे रकाने राहिले. तेही हाच नोड ठरवतो.

वेणाकाठची

आणि ‘घेऊ नयेत’ हे तुमच्या शब्दयादीत कुठल्या वजनाचं? शॅल असेल तर ‘घेता कामा नयेत’ करा.

पांदणवाट

दोन्ही दुरुस्त्या केल्या. इंटरप्टच्या वाक्यात मूळ शब्द काय आहे ते पाहून ‘घ्यावा’ आणि ‘लावावा’ही तपासतो. स्टेटसचा परिच्छेद उद्या संध्याकाळी लाइन आल्यावर इथेच टाकतो, ओके चार अक्षरांत फोडून.